देसाईगंजचा खटला आणि शाबितीचा भार

वैनगंगेच्या काठचे देसाईगंज 1972 साली चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा व्हायला अजून दहा वर्षे होती. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक या गावाला वडसा म्हणत, आजही म्हणतात. त्या वर्षी 26 मार्चला तिथल्या पोलीस ठाण्यात एका भावाने तक्रार दिली की, आपल्या अल्पवयीन बहिणीला काही जणांनी पळवून नेले आहे. आईबाप लहानपणीच वारलेले. बहीणभाऊ दोघेही मजुरी करून पोट भरणारे, आदिवासी. मुलगी ज्या बाईच्या घरी कामाला जायची, तिच्या बहिणीच्या मुलाशी तिचे जमले होते आणि दोघांनी लग्न करायचे ठरवले होते. भावाला ते मान्य नव्हते.

रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना ठाण्यात आणले गेले. जबान्या झाल्या. साडेदहाच्या सुमारास जबान्या घेणारे हेड कॉन्स्टेबल घरी जायला निघाले. जाताना त्यांनी भावाला सांगितले की, बहिणीच्या जन्माची नोंद जिथे असेल तिथून तिची नक्कल घेऊन ये. या नकलेची आठवण ठेवावी, कारण पुढे मुलीचे वय हाच पहिला वादाचा मुद्दा ठरला.

ठाण्यात आता हेड कॉन्स्टेबल तुकाराम आणि कॉन्स्टेबल गणपत असे दोघे होते. गणपतने बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले आणि मुलीला थांबवून घेतले. बाहेर थांबलेल्या लोकांना दिसले की आतले दिवे गेले आहेत आणि दार बंद आहे. त्या बाईने हाका मारल्या, माणसे जमली. काही वेळाने मुलगी ठाण्याच्या मागच्या बाजूने बाहेर आली आणि गणपतने आपल्यावर बळजबरी केल्याचे, तुकारामही अंगाशी झोंबल्याचे तिने सांगितले. जमाव खवळला. त्याच ठाण्यात तिची फिर्याद नोंदवून घ्यावी लागली.

त्या मुलीचे नाव निकालपत्रांत आहे, चळवळीच्या घोषणांतही होते. तिच्याच प्रकरणातून जो कायदा आला, त्याने पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा ठरवला. म्हणून ते इथे लिहिलेले नाही. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून सापडतो.

दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता तिची वैद्यकीय तपासणी झाली, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ वीस-एकवीस तासांनी. अंगावर जखमेची खूण नव्हती. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान असावे, असे डॉक्टरांनी म्हटले. त्या काळी संमतीचे वय सोळा होते. सोळाच्या आतली असती तर संमतीचा प्रश्नच उद्भवला नसता. पण जन्माची खात्रीलायक नोंद न्यायालयापुढे नव्हती, आणि चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने डॉक्टरांचा अंदाज पुरेसा मानला नाही. ती सोळाच्या आतली होती हे सरकार पक्षाला शाबित करता आले नाही, असे ठरले. म्हणजे संमती हाच प्रश्न उरला, आणि ती नव्हती हे शाबित करायचे कामही सरकार पक्षाकडेच आले.

1 जून 1974 रोजी सत्र न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. संबंध आला होता हे न्यायाधीशांनी मानले, पण बलात्कार मानला नाही. लैंगिक संबंध आणि बलात्कार यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, असे त्यांनी लिहिले. मुलगी लग्नाआधीच संबंधांना सरावलेली आहे आणि खोटारडी आहे, असेही लिहिले. जमावात तिचा प्रियकर उभा होता, त्याच्यापुढे आपण शुद्ध आहोत हे दाखवण्यासाठी तिने बळजबरीची गोष्ट रचली, असा त्यांचा तर्क. या तर्काला पुरावा कोणता, हे निकाल वाचून कळत नाही. आरोपीच्या बाजूचा अंदाज आधाराशिवाय स्वीकारला गेला आणि मुलीच्या शब्दाला मात्र जखमांचा आधार मागितला गेला.

इथे थोडे थांबून मूळ नियम पाहायला हवा, कारण तो वाईट नाही. भारतीय पुरावा कायदा 1872 सालचा. व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले कायदा सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तो लिहिला. त्याच्या 101 व्या कलमात म्हटले होते की, जो एखादी वस्तुस्थिती सांगून न्यायालयाकडे निकाल मागतो, त्यानेच ती शाबित करावी. फौजदारी खटल्यात निकाल मागणारे सरकार असते, तेव्हा शाबितीचा भार सरकारवर. आरोपीने काहीही न बोलता गप्प बसावे आणि सरकारला पुरावा जमू नये, तर तो सुटला पाहिजे.

इंग्लंडमध्ये हा नियम इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितला जायला 1935 साल उजाडावे लागले. डॉर्सेट परगण्यातला रेजिनाल्ड वूल्मिंग्टन हा एकवीस वर्षांचा शेतमजूर. बायको माहेरी निघून गेली म्हणून तिला धाक दाखवायला तो बंदूक घेऊन गेला, आणि बंदूक उडून ती मेली. चुकून उडाली, असे तो म्हणत होता. पहिल्या ज्युरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या खटल्यात न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितले की, बायको याच्या हातून मेली हे एकदा शाबित झाले की तो अपघात होता हे दाखवण्याची जबाबदारी याची. त्याला फाशीची शिक्षा झाली. अपील हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि लॉर्ड चॅन्सेलर सँकी यांनी ती शिक्षा रद्द करताना लिहिले की, आरोपीचा अपराध शाबित करण्याचे कर्तव्य सरकार पक्षाचे आहे, आणि इंग्रजी फौजदारी कायद्याच्या वस्त्रातून हा एक सोनेरी धागा सर्वत्र गेलेला आहे. आपल्याकडची न्यायालयेही पुढे तो निकाल आदराने उद्धृत करत आली.

एका निर्धन शेतमजुराचा जीव या नियमाने वाचवला. ज्या देशात पोलीस संशयावरून कुणालाही उचलतात, तिथल्या गरिबाला हाच नियम शेवटचा आसरा असतो. देसाईगंजच्या खटल्यावर लिहिणाऱ्याने हे विसरता कामा नये, आणि माझ्या मते त्या काळातल्या चांगल्या वकिलांना हेच सर्वांत जड गेले. नियम गरिबासाठी होता, आणि इथे त्याच्या आडोशाला खाकी वर्दी उभी होती.

पण 1872 च्या त्याच कायद्यात 106 वे कलमही होते. एखादी गोष्ट खास एखाद्याच माणसाच्या माहितीतली असेल, तर ती शाबित करण्याचा भार त्याच्यावर. कायद्याने दिलेले उदाहरण रेल्वेच्या बिनतिकीट प्रवाशाचे आहे. तिकीट होते हे दाखवायचे प्रवाशाने, नव्हते हे रेल्वेने नव्हे. म्हणजे भार सदासर्वकाळ एकाच खांद्यावर असतो असे स्टीफन यांनाही म्हणायचे नव्हते. कोणाला काय ठाऊक असू शकते, कोणाच्या ताब्यात काय आहे, याचा विचार कायद्याच्या रचनेतच होता.

सरकारने अपील केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 12 ऑक्टोबर 1976 रोजी सत्र न्यायालयाचा निकाल फिरवला. गणपतला बलात्काराबद्दल पाच वर्षे सक्तमजुरी आणि तुकारामला विनयभंगाबद्दल एक वर्ष. या निकालाची चर्चा फार कमी होते, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद तोच आहे. नागपूरच्या न्यायमूर्तींनी कोणताही नवा कायदा वापरला नाही. शाबितीचा भार त्यांनीही सरकार पक्षावरच ठेवला. फक्त त्यांनी परिस्थितीकडे नीट पाहिले. हे दोन पुरुष तिला पूर्णपणे अनोळखी होते. तिच्याविरुद्ध नव्हे, तर तिच्याच संदर्भात तक्रार झालेली, म्हणून ती ठाण्यात आलेली. रात्रीच्या वेळी, ठाण्यात, अशा मुलीने आपण होऊन पोलिसांना आमंत्रण दिले असेल हे संभवत नाही. भीतीपोटी शरीर सोडून देणे आणि इच्छा असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. जखम नाही म्हणजे संमती आहे, हा हिशेब त्यांनी नाकारला.

मग आरोपी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती जसवंत सिंग, कैलासम आणि कोशल यांच्या पीठाने 15 सप्टेंबर 1978 रोजी दोघांनाही निर्दोष मुक्त केले. निकाल कोशल यांनी लिहिला. अंगावर जखम नाही, म्हणून कसून प्रतिकार केल्याची गोष्ट खोटी. प्रतिकार नाही, म्हणून जे झाले ते शांतपणे झाले. भाऊ जवळच होता, त्याच्याकडे तिने मदत मागायला हवी होती. तुकारामबाबत तिच्या आधीच्या जबानीत आणि न्यायालयातल्या साक्षीत तफावत होती, हेही त्यांनी नोंदवले. ती तफावत खरी होती, आणि तुकारामच्या बाबतीत शंका घ्यायला ते कारण होते.

गणपतच्या बाबतीत मात्र सारी मदार शाबितीच्या भारावर होती. गुन्ह्याचा प्रत्येक घटक शाबित करण्याचा भार नेहमी सरकार पक्षावरच असतो आणि तो कधीही दुसरीकडे सरकत नाही, असे निकालात म्हटले. उच्च न्यायालयाने धरलेली भीती कायद्यात बसत नाही, कारण दंड संहितेच्या 375 व्या कलमाला मृत्यूची किंवा इजेची भीती लागते, आणि तशी भीती होती याचा पुरावा सरकार पक्षाने दिलेला नाही.

वाक्य कायद्याच्या दृष्टीने बरोबर होते, आणि म्हणूनच ते खोडून काढायला अवघड. पण पोलीस ठाण्यात रात्री दार बंद झाल्यावर मुलीला कशाची भीती वाटली याचा पुरावा सरकार पक्षाने कुठून आणायचा होता? साक्षीदार बाहेर काढले गेले होते. काढणारा माणूस आरोपीच होता. दिवे, दार, ठाणे, वर्दी सगळे त्याच्या ताब्यात होते. शाबितीचा भार सरकारवर ठेवण्यामागचा विचार असा की, सरकार बलवान आणि आरोपी दुबळा. इथे त्या बंद खोलीपुरते आरोपीच सरकार होता. हा फरक निकालात कुठेही उमटलेला दिसत नाही.

वर्षभर फारसे काही झाले नाही. निकाल कायद्याच्या वृत्तांतांत छापला गेला आणि कायदा शिकवणाऱ्यांच्या हाती पडला. 16 सप्टेंबर 1979 रोजी चार प्राध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. सरन्यायाधीश होते यशवंत विष्णू चंद्रचूड. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या ज्या समितीने 1974 साली आपला अहवाल दिला, तिच्या लतिका सरकार सदस्य होत्या. त्यामुळे आकडे आणि वास्तव त्यांना तोंडपाठ होते.

पत्र नम्र होते आणि कठोरही. संमतीत स्वाधीन होणे येते, पण स्वाधीन होण्यात संमती येतेच असे नाही, हा त्यातला गाभा. नागपूर खंडपीठाने केलेला भेद सर्वोच्च न्यायालयाने का टाकून दिला, असा थेट प्रश्न त्यात होता. मुलीला रात्री ठाण्यात बोलावले आणि थांबवून ठेवले, याबद्दल निषेधाचा एक शब्दही निकालात का नाही? नंदिनी सत्पथी प्रकरणात 1978 सालीच याच न्यायालयाने स्त्रियांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्यावर बोट ठेवले होते, याची आठवणही त्यांनी करून दिली. मुलीच्या लग्नाआधीच्या संबंधांचा उल्लेख कशासाठी? आणि ती गरीब आदिवासी मुलगी नसती, तर असाच निकाल लागला असता का? मोठ्या पीठाने हा खटला पुन्हा ऐकावा, अशी त्यांची मागणी होती.

न्यायालयाच्या अवमानाचा कायदा डोक्यावर असताना चार शिक्षकांनी आपल्या सहीने सर्वोच्च न्यायालयाला असे विचारणे हे त्या काळात सोपे नव्हते. या निकालाविरुद्धची चळवळ मोर्चातून सुरू झाली असे अनेकदा सांगितले जाते. ती सुरू झाली निकाल बारकाईने वाचण्यातून.

मोर्चे लगेच आले. 1980 च्या सुरुवातीला मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला. 8 मार्च 1980 रोजी, जागतिक महिला दिनी, देशातल्या अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या आणि खटला पुन्हा उघडा, अशी मागणी त्यांनी केली. नागपुरात सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचारांविरुद्ध संघटन उभे केले. 1978 साली हैदराबादमध्येही पोलीस ठाण्यात असाच प्रकार घडून दंगल उसळली होती, त्यामुळे देसाईगंज हे एकटेदुकटे उदाहरण आहे असे म्हणायची सोय उरली नव्हती. फेरविचाराचा प्रयत्न मात्र फुकट गेला. खटल्याशी थेट संबंध नसलेल्या संघटनांचे न्यायालयाने ऐकले नाही.

मग प्रश्न संसदेकडे आणि विधी आयोगाकडे गेला. आयोगाने एप्रिल 1980 मध्ये आपला 84 वा अहवाल दिला. इतक्या थोड्या वेळात इतका नेमका अहवाल क्वचित येतो. पुरावा कायद्यात 114 अ हे नवे कलम घालावे, अशी त्यात शिफारस होती. त्याच वर्षी विधेयक आले आणि संयुक्त समितीकडे गेले.

या काळातला वाद मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो दोन प्रामाणिक बाजूंचा होता. महिला संघटनांची मागणी होती की, बलात्काराच्या सर्वच खटल्यांत संमतीच्या मुद्द्यावर भार आरोपीवर टाकावा. काही वकील आणि नागरी हक्कांचे कार्यकर्ते त्याला घाबरत होते. आणीबाणी उठून तीनच वर्षे झाली होती. सरकारच्या हाती उलट्या भाराचे हत्यार एकदा दिले की ते उद्या कुणावर चालेल, ही त्यांची भीती. दोन्ही बाजूंना पोलिसांचाच अनुभव होता. एका बाजूला ठाण्यात पोलिसाच्या हाती सापडलेली बाई दिसत होती, दुसऱ्या बाजूला खोट्या खटल्यात अडकवलेला कार्यकर्ता.

1983 च्या अखेरीस जो कायदा आला, त्याने मधला मार्ग काढला. पोलीस, सरकारी नोकर, तुरुंगाचे, सुधारगृहाचे आणि रुग्णालयाचे कर्मचारी यांनी आपल्या ताब्यातल्या स्त्रीवर केलेला बलात्कार, आणि त्याखेरीज सामूहिक बलात्कार व गर्भवतीवरचा बलात्कार, एवढ्यांपुरताच 114 अ कलमाचा नवा नियम लागू झाला. त्यातही पहिली पायरी सरकार पक्षाचीच राहिली. आरोपीने संबंध ठेवला हे आधी सरकार पक्षाने शाबित करायचे. मग त्या स्त्रीने न्यायालयात शपथेवर सांगायचे की, माझी संमती नव्हती. एवढे झाले की न्यायालयाने संमती नव्हती असे धरून चालावे. ‘धरू शकेल’ नव्हे, ‘धरील’. त्यानंतर उलटे दाखवायचे ते आरोपीने. कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षाही याच वेळी आली, आणि पीडितेचे नाव उघड करण्यास बंदीही.

भार पूर्ण उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर दिला, अशी टीका तेव्हा झाली आणि अजूनही होते. ती मला पटत नाही. गुन्हेगाराची ओळख, घटना, जागा, वेळ, वैद्यकीय पुरावा सगळे सरकार पक्षाकडेच राहिले. फक्त एकाच प्रश्नाचे उत्तर आरोपीकडे गेले, आणि तेही तिथे जिथे बंद दाराच्या आत काय झाले हे सांगू शकणारा दुसरा माणूस फक्त तोच होता. रेल्वेच्या प्रवाशाकडून तिकिटाची अपेक्षा करणाऱ्या कायद्याला ठाण्यातल्या पोलिसाकडून एवढी अपेक्षा करायला 111 वर्षे लागली, याचेच दुःख जास्त आहे.

उलट, ज्यांना भीती वाटली होती त्यांची भीती दुसरीकडे खरी ठरली. पुढच्या दशकांत उलट्या भाराच्या तरतुदी वाढत गेल्या. हुंडाबळीच्या खटल्यांत 1986 साली आलेली तरतूद नेमकी आणि आवश्यक होती. पण अमली पदार्थांचा 1985 चा कायदा, दहशतवादविरोधी टाडा, महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी 1999 चा मकोका, मनी लाँडरिंगविरोधी कायदा अशा अनेक कायद्यांत आरोपीविरुद्ध धरून चालायची कलमे आली, आणि त्यातल्या अनेकांचा घेर 114 अ पेक्षा कितीतरी मोठा आहे. 1983 सालच्या कलमात जी काळजी होती, ती या सगळ्यांत घेतली गेली असे म्हणवत नाही. देसाईगंजच्या मुलीच्या नावाने सरकारचा हात सैल सोडायला कुणी सांगितले नव्हते. मागणी नेमकी उलटी होती, की सरकारची वर्दी घालणाऱ्याने जाब द्यावा.

आणि 1983 च्या कायद्याने बरेच काही अर्धवटही सोडले. तक्रारदार स्त्री बदफैली आहे असे दाखवून तिच्या साक्षीची किंमत कमी करण्याची मुभा पुरावा कायद्याच्या 155 व्या कलमात होती. ती तशीच राहिली. ती काढून टाकायला 2002 ची दुरुस्ती यावी लागली. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट शब्दांत यायला 2013 साल उजाडले, दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर. नागपूर खंडपीठाने हेच 1976 साली लिहिले होते. म्हणजे मधली सदतीस वर्षे हा विचार न्यायालयात नव्हता असे नाही. तो होता, उलटवला गेला, आणि मग कायदेमंडळाने तो परत आणला.

म्हणूनच शाबितीचा भार कोणावर हा अर्धाच प्रश्न आहे, असे हा खटला वाचताना वारंवार जाणवते. तो भार किती वजनाचा, हे न्यायाधीश ठरवतात. नागपूर आणि दिल्ली दोन्ही ठिकाणी कायदा एक होता, पुरावा एक होता, भारही सरकार पक्षावरच होता. एकाने परिस्थितीला पुरावा मानले, दुसऱ्याने जखमेला. 114 अ कलमाने त्या दुसऱ्या प्रकारच्या न्यायाधीशाची वाट अडवली, पण 1983 साली ते केवळ कोठडीतल्या आणि अशाच मोजक्या प्रकारांत. या तरतुदीबाहेरच्या खटल्यांत आजही भार सरकार पक्षावरच आहे, आणि तो तसाच असावा. तिथे गरज आहे ती नागपूरच्या न्यायमूर्तींसारख्या वाचनाची.

1 जुलै 2024 पासून पुरावा कायदा गेला आणि भारतीय साक्ष अधिनियम आला. 114 अ चा आशय आता त्याच्या 120 व्या कलमात आहे. देसाईगंजच्या त्या मुलीला यातले काहीच मिळाले नाही. तिच्या खटल्यातली निर्दोष मुक्तता कायम राहिली.

विधी महाविद्यालयांत हा खटला शिकवला जातो तेव्हा बहुधा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि मग चार प्राध्यापकांचे पत्र एवढेच विद्यार्थ्यांपुढे ठेवले जाते. महाराष्ट्रातल्या कायद्याच्या प्राध्यापकांनी त्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 12 ऑक्टोबर 1976 चा निकालही घालावा, तो वर्गात वाचून घ्यावा, ही माझी विनंती आहे.